भाकरीला पैकीच्या पैकी, पाण्याला काठावर पास: जळगावातलं आमचं लेडीज होस्टेल

आधी निकाल सांगते, कारणं मागून येतील. घरापासून लांब शिकायला आलेली मुलगी असाल, दोन वेळचं गरम जेवण आणि रात्री-अपरात्री हाक मारली तर उठणारं कोणी मोठं माणूस एवढंच हवं असेल, तर बिनधास्त या. एसी, वायफाय, अकरापर्यंत बाहेर राहायची मोकळीक, छापील पावती, भाडेकरार यातलं काही हवं असेल तर दुसरीकडे बघा. इथे ते नाही, आणि मागितलं तर मालक नुसते हसतात.

नाव लिहीत नाही. एक तर मला अजून शेवटची सेमिस्टर इथेच काढायची आहे, आणि दुसरं म्हणजे खोटेनगरच्या बाजूला जाऊन "भाकरीवाल्या काकूंचं होस्टेल" विचारलंत तर किराणा दुकानदारसुद्धा बोट दाखवेल.

मी शहाद्याकडची, एम.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. आमच्याकडून जळगावला यायचं म्हणजे एक तर शिरपूर-चोपडा करत एसटीने, नाहीतर दोंडाईच्याला येऊन सुरत-भुसावळ लाइनची गाडी धरायची: शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, पाळधी, मग जळगाव. म्हणजे रोज अप-डाऊन शक्यच नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या बहुतेक मुलींचं असंच. विद्यापीठ तीनच जिल्ह्यांचं, जळगाव, धुळे आणि नंदुरबार, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलीला हे तीन जिल्हे काही लहान नाहीत. १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं निघालेलं हे विद्यापीठ २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं झालं, तरी रिक्षावाले आणि आम्ही सगळे अजून "उमवि"च (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) म्हणतो. गावाबाहेर, धुळ्याकडे जाणाऱ्या हायवेवर, बांभोरीजवळ त्याचं भलंमोठं आवार आहे. मुलींची वसतिगृहं आवारातच आहेत, आणि ज्यांना तिथे जागा मिळते त्यांनी हे पुढचं काही वाचू नये, तिथेच राहावं. विभाग चालत अंतरावर, रिक्षाचा खर्च नाही, येण्या-जाण्याची धास्ती नाही. माझा प्रवेश उशिराच्या फेरीतला, म्हणून मी बाहेर.

तर होस्टेल. हायवेपासून आत एका कॉलनीतलं तीन मजली घर. तळमजल्यावर काकूंची खोली (घर मालकांचं, स्वयंपाक आणि आमची देखरेख काकूंकडे), स्वयंपाकघर आणि जेवायची लांबट खोली. वरच्या दोन मजल्यांवर आम्ही. लोखंडी कॉट, भिंतीतलं कपाट, दोघींत एक टेबल. गादी ते देतात, पण आपली आपण आणावी. त्यांची घेऊ नका, का ते बघितल्यावर कळेल. तिघींच्या खोलीला जेवणासकट महिन्याला ५,८००, चौघींच्या खोलीला ५,२००. डिपॉझिट ५,०००. वर्षाचे दहा महिने धरतात. मे-जूनमध्ये सामान ठेवून घरी गेलात तर निम्मं भाडं.

हा आकडा जरा नीट बघा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. माझी एक रूममेट बी.फार्म.ची आहे, तिला त्याचा फायदा मिळाला. गावात लोक तिच्या वडिलांना म्हणतात, "तुमचं काय भो, पोरीचं शिक्षण फुकट!" आणि इथे वर्षाला ५८,००० रुपये राहण्या-खाण्याचे जातात, ते कोणी मोजत नाही. म्हणून होस्टेल निवडताना मी मेसला जास्त गुण देते. खोलीत आपण झोपायला जातो; पैसे खरे ताटात जातात.

आणि ताट चांगलं आहे.

काकू यावल तालुक्यातल्या. बोलणं लेवा बोलीच्या वळणाचं, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. "काय वं पोरी, खाली येऊन नाही राह्यली का जेवाले?" ही हाक आली की अभ्यास बाजूला. त्यांच्या हाताखाली पोळ्यांना एक बाई येते, पण भाकरी मात्र काकू स्वतः करतात, कोणाला हात लावू देत नाहीत. पीठ दादरचं. दादर म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी. तिची भाकरी गोडसर लागते आणि सकाळची संध्याकाळी चामट होत नाही. काकू पिठात उकळतं पाणी थोडं थोडं घालतात, तळहाताच्या मागच्या भागाने रगडून रगडून मळतात आणि परातीत थापताना भाकरी बोटांनी अशी फिरवतात की कडा कुठेही फाटत नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, उलटी केली की सरळ जाळावर. टम्म फुगली नाही तर ती आमच्या ताटात येत नाही. ती काकू स्वतःसाठी बाजूला ठेवतात. आठवड्यातून दोनदा कळण्याची असते, ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. तिच्यासोबत नुसता ठेचा आणि तेल दिलं तरी चालतं, आणि कधी कधी काकू खरंच तेवढंच देतात.

बाकी मेनू: सकाळी चहा-पोहे, कधी उपमा. दुपारी पोळी-भाजीचा डबा, स्वतः भरून न्यायचा. रात्री भाकरी किंवा पोळी, भाजी, डाळ, भात. शुक्रवारी शेवभाजी. शेवभाजीचा रस्सा काळ्या मसाल्याचा, वर तरी तरंगणारी, आणि शेव शेवटच्या मिनिटाला टाकतात म्हणून ती गळत नाही. पुण्यात शिकणाऱ्या मैत्रिणी "शेवभाजी" म्हणून लाल पाण्यातला फरसाण खातात आणि फोटो पाठवतात, त्यांची मला दया येते.

तक्रारी पण ऐका. सोमवारची डाळ पातळ असते, बहुधा रविवारी बाजार होत नाही म्हणून. डब्यातल्या पोळ्या एक वाजेपर्यंत वाळतात. फडक्यात गुंडाळून न्या. पावसाळ्यात गिलके स्वस्त होतात आणि मग गिलके, गिलके, परत गिलके. खाडे धरत नाहीत, ही सगळ्यात मोठी तक्रार. चार दिवस घरी गेलात तरी मेसचे पैसे पूर्ण. श्रावणात कानबाईच्या सणाला आमच्याकडच्या झाडून साऱ्या मुली घरी जातात, दिवाळीला तर होस्टेल ओस पडतं, पण महिन्याचा आकडा तोच. बाहेरच्या साध्या खानावळीतसुद्धा सलग तीन-चार दिवसांचे खाडे धरतात. हे मालकांचं धोरण आहे, काकूंचं नाही. काकू त्यावर उपाय म्हणून घरी निघालेल्या मुलीच्या हातात वाटेसाठी भाकऱ्या बांधून देतात. हिशोब काही जुळत नाही, पण राग जातो.

डिसेंबर-जानेवारीत भरीत. हा दिवस ठरवून होतो. आसोदा-बामणोदकडची मोठी, हिरवट वांगी येतात, बिया कमी, साल पातळ. (आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, आमच्या विद्यापीठाच्या नावाचं आणि आमच्या भरिताचं मूळ एकाच गावात सापडतं याचा मला उगाच अभिमान आहे.) मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवतात आणि वांगी थेट त्या जाळात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही. साल काळी होऊन सुटली की काकू थंड पाण्यात हात बुडवून बुडवून सोलतात. मग हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांगी लाकडी बडगीत घालून ठेचायची पाळी आमची. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. त्या दिवशी भाज्या, डाळ, भात सगळं रद्द. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. बाहेरच्या मैत्रिणीला बोलवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं आणि तिने येताना दोन वांगी आणायची, असा काकूंचा नियम आहे.

आता पाणी. इथे मी हात आखडता घेणार नाही. नळाला रोज पाणी येत नाही, हे जळगावात कोणाला सांगायला नको. पण मुली एवढ्या आणि गच्चीवरची टाकी घरगुती मापाची, हे गणित मालकांना कळत नाही असं नाही, त्यांना ते सोडवायचं नाही. पाणी न येण्याच्या दिवशी संध्याकाळपर्यंत टाकी तळाला जाते. सकाळी सहाच्या आत आंघोळ झाली तर झाली, नाहीतर एक बादली. कपडे धुवायचा वार मजल्याप्रमाणे ठरलेला, तो आम्ही मुलींनीच ठरवला, कागद जिन्यात चिकटवला आहे. प्यायच्या पाण्याचा फिल्टर आहे आणि तो चालतो, हे प्रामाणिकपणे सांगते.

पाण्याचं दुखणं खरं कळतं ते एप्रिल-मेमध्ये. जळगाव-भुसावळचा उन्हाळा काय असतो ते सांगायची गरज नाही, पारा ४५ च्या आसपास आणि आमच्या परीक्षा त्याच दिवसांत. कूलर आपला आपण आणायचा, विजेचे महिन्याला ३०० वेगळे. ठीक आहे, दिले. पण कूलरला पाणी लागतं! टाकीचं पाणी कूलरमध्ये ओतायला मनाई आहे. मग आम्ही भाज्या धुतलेलं, कपडे शेवटच्या वेळी खळबळून उरलेलं पाणी गाळून कूलरला घालतो. वाळा नाही, साबणाचा वास. तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या खोल्यांचा स्लॅब रात्री अकरापर्यंत हाताला चटका देतो. तिथल्या मुली उन्हाळ्यात गाद्या घेऊन जेवायच्या खोलीत येतात, काकू काही बोलत नाहीत. इन्व्हर्टर आहे, पण त्याच्यावर फक्त पंखे आणि जिन्यातला दिवा. लाइट गेली की अभ्यास मोबाइलच्या उजेडात.

येण्या-जाण्याचं थोडक्यात सांगते. हायवेवर आलं की विद्यापीठाकडे शेअर रिक्षा मिळते, मागच्या सीटवर चौघी कोंबून. एसटीला १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण रोज जाणार असाल तर विद्यार्थी पास काढा. त्यात भाड्याच्या साधारण एक तृतीयांशच पैसे पडतात. वैताग एकच, हायवे ओलांडणं. ट्रक थांबत नाहीत. घोळक्याने ओलांडा, एकटीने नको.

गेट साडेआठला बंद. प्रॅक्टिकल लांबलं की पंचाईत, कारण ऊर्ध्वपातन अर्ध्यात टाकून "काकू रागावतील" म्हणून निघता येत नाही. यावर तोडगा असा की विभागातल्या मॅडमनी काकूंना एकदा फोन केला की त्या दिवसापुरतं साडेनऊपर्यंत चालतं. भाऊ भेटायला आला तर त्याने ओट्यावर बसायचं, आत नाही. वडील आले तर मात्र काकू त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाहीत आणि त्याचे पैसे घेत नाहीत. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा खोली न बघताच म्हणाले, "ठीक शे, राहू दे." भाकरी खाऊन झाली होती.

आता ज्याच्यासाठी खरं हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. या होस्टेलमध्ये लेखी काहीच नाही. भाडं दिलं की काकूंच्या वहीत नाव आणि टिकमार्क, बस. नियम तोंडी, दर तोंडी, डिपॉझिट कधी परत मिळणार तेही तोंडी. चांगलं आहे ते काकूंच्या तोंडून येतं म्हणून चालून जातं. पण मालक महिन्याच्या एक तारखेला येतात आणि त्यांच्याही तोंडाला येईल तेच नियम होतात. गेल्या वर्षी त्यांनी दर वाढवताना सांगितलं की "सरकारने होस्टेलवर जीएसटी लावला". आमच्यातली एक एम.बी.ए.ची, तिने शोधून काढलं: जुलै २०२४ पासून, माणशी महिना २०,००० पर्यंतच्या आणि किमान सलग ९० दिवस राहण्याच्या होस्टेलला जीएसटी लागत नाही. तिने ते मालकांना दाखवलं. मालक म्हणाले, "बरं बरं, मग महागाई धरा." वाढ तीच राहिली, फक्त नाव बदललं.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं नाही गेलं. माझ्या मजल्यावर धडगावकडची एक आदिवासी मुलगी आहे. शासकीय वसतिगृहात अर्ज करूनही ज्यांना जागा मिळत नाही अशा आदिवासी मुला-मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी तशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. जिल्ह्याच्या ठिकाणासाठी यात वर्षाला ४३,००० रुपये ठरवले गेले: जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि निर्वाह भत्ता ६,०००. चौघींच्या खोलीच्या वर्षाच्या ५२,००० च्या खर्चात ४३,००० म्हणजे केवढा आधार! पण आपण भाड्याने राहतो याचा कागद जोडावा लागतो. मालक कागद द्यायला तयार नाहीत. का, ते उघड आहे, कागद आला की हिशोब आला. ती मुलगी पंधरवडाभर त्यांच्या मागे फिरली. शेवटी काकूंनी एक तारखेला मालकांना जेवायच्या खोलीत बसवलं, ताट वाढलं, आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊ, पोरीचा कागद करून द्या, मग भाकरी वाढते." मालकांनी सही केली. गोष्ट सांगायला मजेची वाटते, पण विचार करा: काकू नसत्या तर? सरकारच्या योजनेचे पैसे एका मुलीला मिळतात की नाही हे एका स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या धिटाईवर अवलंबून असावं, हे मला मुळीच पटत नाही. ज्या मुली या योजनांमध्ये बसतात त्यांनी डिपॉझिट देण्याआधी भाडेकराराचं बोलून घ्या. नंतर नाही, आधी.

डिपॉझिटचंही तसंच. आमच्या एका सीनियरने सोडताना मालकांनी "रंगकाम" म्हणून १,५०० कापले. भिंतीला रंग अजून लागलेला नाही. त्याच भिंतीखाली माझी कॉट आहे.

एवढं असून मी इथे का राहते? मागच्या पावसाळ्यात माझ्या रूममेटला रात्री एकच्या सुमाराला फणफणून ताप आला, अंगावर काटा, दात वाजत होते. मी खाली जाऊन काकूंच्या दारावर थाप मारली. त्यांनी "काय झालं" एवढंही विचारलं नाही, चप्पल पायात घालतच बाहेर आल्या. कॉलनीतल्या रिक्षावाल्या मामांना उठवलं, दवाखान्यात नेलं, सलाइन लागेपर्यंत तिच्या उशाशी बसल्या. घरी फोन लावला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पोरगी बरी आहे, काळजी करू नका." ताप वगैरे त्याच्यानंतर. मी असते तर पहिल्याच वाक्यात "ॲडमिट केलंय" म्हणून त्या माउलीचा जीव घेतला असता. पुढे आठवडाभर तिला वेगळं जेवण, मुगाचं पाणी, मऊ भात, आणि त्याचे जादा पैसे लावले नाहीत.

मनाच्या आजारपणाचंही काकूंना कळतं, त्यांच्या पद्धतीने. पहिल्या सेमिस्टरला नवीन मुली खूप रडतात. कोणाला भाषेचा प्रश्न, कोणाला इंग्रजीतल्या लेक्चरचा, कोणाला नुसती घराची ओढ. इथे अहिराणी, लेवा, गुजर, पावरी असं सगळं एका जिन्यावर ऐकू येतं आणि तरी एखादीला वाटतं आपलं कोणी नाही. काकू अशा मुलीला भाजी निवडायला बोलावतात. उपदेश करत नाहीत, मेथीची जुडी हातात देतात आणि तिच्या गावाकडचं विचारत बसतात. तेवढ्याने भागत नाही, हेही त्यांना मान्य आहे. स्वयंपाकघराच्या दाराला टेली-मानसचा १४४१६ नंबर एका सीनियरने चिकटवलाय, फुकट आणि मराठीत बोलता येतं, काकू स्वतः एकदोघींना म्हणाल्यात, "त्या नंबराले फोन लाव वं माय, मला एवढं समजत नाही." त्याच्याखाली यूजीसीच्या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचाही नंबर आहे, १८००-१८०-५५२२. त्याची गरज इथे पडलेली मी बघितली नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परीक्षा तोंडावर असतात, म्हणून बऱ्याच मुलींना माहेरपण नाही. काकू त्या दिवशी खापरावर पुरणाचे मांडे करतात, जोडीला आमरस, आणि अंगणातल्या कडुलिंबाला दोर बांधून झोका. मार्कशीटवर नोकऱ्या शोधणाऱ्या, उद्या अंकलेश्वर-वापीच्या कंपन्यांत मुलाखती द्यायला जाणाऱ्या मुली नोट्स मांडीवर ठेवून झोके घेतात. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडतं, "अगं, माझा नंबर!"

यंदा काकू भाचीच्या लग्नाला गावाला गेल्या होत्या. मालकांनी तेवढ्या दिवसांसाठी बाहेरून डबे लावले. पोळ्या रबरी, भाजीत बटाटाच बटाटा, आणि रात्रीचा डबा संध्याकाळी सहाला येऊन पडलेला, गार. गेटची चावी वॉचमन मामांकडे, ते नऊला झोपले की झोपले. त्या दिवसांत मला कळलं की हे होस्टेल ५,८०० ला महाग आहे. काकू परत आल्या आणि ते परत स्वस्त झालं. म्हणून मालकांना माझी एकच जाहीर मागणी आहे, वायफाय नको, रंगकाम नको: काकूंच्या हाताखाली आणखी एक बाई द्या, त्यांना महिन्याचे चार दिवस सुट्टी द्या आणि दुसरी टाकी बसवा. काकूंचे गुडघे दुखतात. जिना चढणं त्यांनी कधीच सोडलंय, म्हणून तर तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो.

यायचं ठरवलंत तर खोली दुसऱ्या मजल्यावरची, पूर्वेची मागा. तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची दिली तर ५०० कमी करून मागा, मालक ३०० वर येतात. पैसे रोख देऊ नका, फोनवरून पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. पावती नाही तर निदान नोंद राहील. कपाटाला आपलं कुलूप, दोन बादल्या, झाकणाचा पिंप आणि जाड गादी घेऊन या. बघायला संध्याकाळी सात-साडेसातला जा. मालक नसतात, पंगत चालू असते, काकू ताट पुढे करतात. जेवून घ्या आणि त्याच पंगतीत बसलेल्या मुलींना टाकीबद्दल विचारा.